गरमागरम अक्षरं

एक छोटासा टाइमपास. आज घरातून ऑफिसला जाताना रस्त्यावरच्या पाट्या नुसत्या वाचू नका, जरा बघा. कोपऱ्यावरचा नवा कॅफे, त्याच्या शेजारचं सलोन, रिक्षाच्या पाठीवर चिकटवलेली योगा क्लासची जाहिरात, सिग्नलला थांबल्यावर मोबाइलवर येऊन पडलेलं मैत्रिणीचं ‘सेव्ह द डेट’ आणि डब्यासोबत आलेल्या लोणच्याच्या बाटलीवरचं ‘आजीच्या हातचं’. सगळ्यांत एक गोष्ट कॉमन सापडेल. अक्षरं थोडी तिरकी, कुठे जाड, कुठे बारीक, शेवटाकडे रंग संपत आल्यासारखी खरखरीत. जणू कोणीतरी आत्ताच कुंचला डब्यात बुडवून एका झटक्यात लिहून मोकळं झालंय!

अर्थात लिहिलेलं कोणीच नाही. कोणीतरी फॉन्टच्या यादीत खाली खाली जात एक नाव निवडलंय, चार शब्द टाइप केलेत आणि फाइल छपाईला पाठवलीय. त्या आजीने तर बाटलीही बघितलेली नाही.

याला डिझायनर मंडळी ‘ब्रश फॉन्ट’ म्हणतात. हाताने, कुंचल्याने, सहज लिहिल्यासारखं दिसणारं, पण कीबोर्डवरून येणारं अक्षर. ते आवडतं सगळ्यांनाच. प्रश्न एवढाच, की ते नेमकं काय काम करतं आणि मराठीत ते काम नीट होतंय का?

कोण बोलतंय, बॉस?

फॉन्टचा मूळ फंडा सिंपल आहे. वाचताना आपल्या डोक्यात एक आवाज येतो आणि तो आवाज कसा असावा हे अक्षर ठरवतं. ‘पाणी जपून वापरा’ हे तीन सरळ, सारख्या जाडीच्या शब्दांत लिहिलं की महानगरपालिका बोलते. तेच तिरक्या कुंचल्याच्या अक्षरात लिहिलं की सोसायटीतल्या काकू बोलतात. मजकूर तोच, माणूस बदलला!

ही गोष्ट जगाला नीट समजली ती एका कुत्र्यामुळे. नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टने ‘बॉब’ नावाचा एक प्रोग्रॅम बनवायला घेतला होता. त्यात पडद्यावर एक कार्टून कुत्रा यायचा आणि तोंडाजवळच्या फुग्यातून सूचना द्यायचा. पण अक्षरं कुठली, तर टाइम्स न्यू रोमन. म्हणजे कुत्रा वकिलाच्या नोटिशीसारखा बोलत होता. व्हिन्सेंट कॉनेअर या डिझायनरला ते खटकलं आणि १९९४ मध्ये त्याने कॉमिक्सच्या पुस्तकांतल्या हस्ताक्षरावरून एक फॉन्ट तयार केला. तोच आपला जगप्रसिद्ध, जगबदनाम ‘कॉमिक सॅन्स’. ‘बॉब’साठी तो वेळेत तयार झाला नाही, पण विंडोजमधून घराघरांत पोचला. कुत्र्यासाठी केलेलं अक्षर मग लोकांनी थडग्यापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे वापरलं. जुलै २०१२ मध्ये सर्नच्या शास्त्रज्ञांनी हिग्ज बोसॉनचा शोध जाहीर केला, तेव्हाही काही स्लाइड्स कॉमिक सॅन्समध्येच होत्या. इतका मोठा शोध, आणि नेटवर चेष्टा चालली होती फॉन्टची.

ब्रशची हौस मात्र कॉम्प्युटरच्याही आधीची. अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीसाठी रॉबर्ट स्मिथने ‘ब्रश स्क्रिप्ट’ केला तो १९४२ मध्ये. तेव्हा अक्षरं शिशाच्या ठोकळ्यांची असत. फ्रान्समध्ये रॉजर एक्स्कोफोनने १९५३ मध्ये स्वतःच्या हस्ताक्षरावरून ‘मिस्ट्राल’ केला. सुटे सुटे ठोकळे शेजारी ठेवले, तरी अक्षर एकमेकांना जोडून, वाहतं दिसावं अशी त्याने युक्ती केली. म्हणजे छापील अक्षराला हाताची ऊब हवी, ही गरज ऐंशी वर्षांहून जुनी आहे. कारण उघड आहे. सगळं छापील झालं की हाताने लिहिलेलं महाग वाटायला लागतं.

आपल्याकडे तर दोन आवाज होतेच

‘हे सगळं इंग्रजीचं कौतुक झालं, मराठीचं काय?’ असं म्हणाल, तर मराठीकडे फॉर्मल आणि कॅज्युअल अशी दोन वेगळी अक्षरं शेकडो वर्षं होती. पोथी, पुस्तक लिहायचं तर बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी. एकेक अक्षर सुटं, ठसठशीत, पोरालाही वाचता येईल असं. आणि पत्र, हिशेब, दफ्तर लिहायचं तर मोडी. आधी कागदावर आडवी रेघ आखून घ्यायची आणि मग हात शक्यतो न उचलता त्या रेघेला अक्षरं टांगत जायचं. घाईची, वाहती, सवयीची लिपी. छपाईने बाळबोध उचललं, शाळांनी तेच शिकवलं आणि विसाव्या शतकात मोडी कारभारातून हळूहळू गेली. घाईत लिहिलेलं मराठी अक्षर छापील पानावर फारसं आलंच नाही.

ते गेलं भिंतींवर आणि जाहिरातींत. वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिरातींचं पान आठवा. प्रत्येक नाटकाचं नाव वेगळ्या अक्षरात. भयनाट्याचं नाव भेदरलेलं, फार्सचं नाव कोलांट्या मारणारं. त्यामागे वर्षानुवर्षं होते कमल शेडगे. टाइम्समध्ये नोकरी करता करता त्यांनी नाटकांची, मासिकांची अगणित शीर्षकं हाताने काढली. तिकीट काढण्याआधीच प्रेक्षकाला नाटकाचा मूड कळायचा. २०२० मध्ये ते गेले. इकडे अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून ते वळण कॅलिग्राफीत आणलं, हातात मोठाले ब्रश घेऊन लोकांसमोर अक्षरं काढली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे मराठी अक्षराला मोकळं बोलता येतं, याचे पुरावे ढीगभर आहेत.

घोळ झाला तो कॉम्प्युटरवर. डीटीपीच्या जमान्यात मराठी फॉन्ट भरपूर होते. लग्नपत्रिकेवाल्याकडे तर वेलबुट्टीसकट होते! पण प्रत्येकाचा कोड वेगळा. त्याच्या मशीनवरचा ‘शुभविवाह’ तुमच्या मशीनवर आला की नुसतं जंतरमंतर. मग युनिकोड आलं, हा गुंता सुटला आणि विंडोजमध्ये ‘मंगल’ आला. तो केला र. कृ. जोशी यांनी, अक्षरांचा प्रचंड अभ्यास असलेल्या माणसाने, पडद्यावर मजकूर स्वच्छ वाचता यावा म्हणून. ते काम त्याने चोख केलं. पण तो आपोआप समोर येतो म्हणून आपण त्यात सगळंच लिहायला लागलो. सर्क्युलर मंगलमध्ये, बारशाचं आमंत्रण मंगलमध्ये आणि ‘लव्ह यू’सुद्धा मंगलमध्ये!

साइज मिळाली, आवाज नाही

आता मुद्द्याची गोष्ट. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती केली. लहान-मोठ्या सगळ्या दुकानांवर मराठी देवनागरीत पाटी हवी आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, असा नियम आला. प्रकरण कोर्टात गेलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांत पाट्या लावा असं सांगितलं. त्यानंतर भराभर पाट्या चढल्या.

चढल्या, पण कशा? एखाद्या हटके कॅफेसमोर उभे राहा. इंग्रजी नाव मस्त ब्रशने फटकारल्यासारखं, शेवटच्या अक्षराची शेपटी कॉफीच्या कपाभोवती गुंडाळलेली. त्यावर डिझायनरने आठवडा घातलेला कळतो. आणि बाजूला तेच नाव मराठीत, तेवढ्याच उंचीचं, पण तहसील कार्यालयाच्या फलकासारखं ताठ. इंग्रजी म्हणतंय, ‘ये ना, बस, काय घेशील?’ आणि मराठी म्हणतंय, ‘अर्जदाराने रांगेत उभे राहावे.’

कायद्याने मराठीला साइज दिली. आवाज देणं कायद्याच्या हातात नाही, ते डिझाइन करणाऱ्याच्या आणि ते मंजूर करणाऱ्याच्या हातात आहे. आणि मंजूर करणारे बऱ्याचदा आपल्यासारखेच असतात. मार्केटिंगमधले, एचआरमधले, स्टार्टअपवाले. मराठी ही फक्त नियम पाळण्याची भाषा आणि मजा करण्याची भाषा इंग्रजी, असा निरोप त्या पाटीतून रोज हजारो लोकांना जातो. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात टोचते.

सुशीला, भजी आणि जुळे ‘ग’

हे फक्त मुंबई-पुण्याचं दुखणं आहे असं समजू नका. माझं गाव माकणी. धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात, तेरणा नदीवरचं निम्न तेरणा धरण आहे ते. तिथे माझा चुलतभाऊ रस्त्याकडेला चहा-नाश्त्याचं छोटं हॉटेल टाकत होता. त्याचा फोन आला, ‘दादा, तू कॉम्प्युटरवर असतूस की. एखादा भारी फॉन्ट पाठव. हातानं लिव्हल्यासारखा.’ बोर्डावर हॉटेलचं नाव आणि खाली एक ओळ हवी होती, ‘गरमागरम भजी, सुशीला, चहा’. (सुशीला ही बाई नव्हे. चुरमुरे भिजवून केलेला आमचा मराठवाड्याचा नाश्ता. नसेल खाल्ला तर पहिली गाडी पकडा!)

मी तीन नमुने बनवून पाठवले आणि पुढच्या सुटीत गावी गेलो, तर तो कागद घेऊन तो आमच्या भागातल्या एका पेंटरमामांकडे गेला. मामांनी तरुणपणापासून शाळांच्या भिंतींवर सुविचार, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं आणि निवडणुकीत चिन्हं रंगवलेली. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, ‘ह्ये दोन्ही ग एकाच साच्यातनं काढलेत बगा.’

पॉइंट होता! ‘गरमागरम’ या शब्दात ग, र, म ही तीन अक्षरं प्रत्येकी दोनदा येतात. माणूस लिहील तेव्हा दुसरा ‘ग’ पहिल्यासारखा होतच नाही. कुंचल्यात रंग कमी झालेला असतो, हात पुढे सरकलेला असतो, जागा किती उरली ते डोळ्याने जोखलेलं असतं. फॉन्टमध्ये मात्र दोन्ही ‘ग’ सख्खे जुळे. फराटा त्याच जागी, खरखरीतपणा त्याच जागी, रंगाचा ओघळसुद्धा त्याच जागी. साध्या, छापील वळणाच्या फॉन्टमध्ये हे खुपत नाही, कारण तो हाताने लिहिल्याचा दावाच करत नाही. ब्रश फॉन्टचा दावा तोच असतो, म्हणून तो इथे पकडला जातो.

यावर उपाय आहे. एकाच अक्षराचे दोन-तीन आकार फॉन्टमध्ये भरून ठेवायचे आणि शेजारी कोण आहे ते बघून प्रोग्रॅमने ते आलटून पालटून वापरायचे. इंग्रजीत असे बरेच फॉन्ट आहेत. मराठीत ते अवघड का, हे हिशेब केला की कळतं. इंग्रजीची लहान-मोठी मिळून बावन्न अक्षरं, त्यावर आकडे आणि चिन्हं. मराठीत स्वर, व्यंजनं, काना-मात्रा-वेलांट्या, अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं धरली की आकार शेकड्यांत जातात. त्या प्रत्येकाचे तीन तीन करायचे म्हणजे डिझायनरचं वर्ष-दोन वर्षं काम!

दुसरी अडचण डोक्यावरच्या रेघेची. शाळेत आपण आधी शब्द लिहायचो आणि मग वरून एक सलग रेघ ओढायचो. मामाही तेच करतात, फक्त त्यांची रेघ सुरुवातीला भरगच्च आणि शेवटी सुकत गेलेली असते. फॉन्टमध्ये मात्र प्रत्येक अक्षर आपापला रेघेचा तुकडा डोक्यावर घेऊन येतं. हे तुकडे कुठल्याही अक्षराशेजारी जुळायला हवेत, म्हणून सगळ्यांची उंची आणि जाडी कडांना सारखी ठेवावी लागते. मग गंमत अशी होते, की खाली अक्षरं नाचतायत आणि वर रेघ पट्टीने मारल्यासारखी. नाहीतर प्रत्येक सांध्यावर खाच दिसते. ब्रश फॉन्ट नीट बनलाय की उरकलाय, हे ओळखायचं असेल तर आधी ही रेघ बघा.

तिसरी गोष्ट ‘सुशीला’ने उघड केली. माझ्या तीनपैकी एका नमुन्यात ‘श’ आणि ‘ल’ हिंदी वळणाचे आले होते. मराठीत आपण पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ गिरवत मोठे झालो. मामांना कॉम्प्युटरमधलं काही माहीत नाही, पण त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘ही आपली सुशीला न्हाई.’

सगळे हसले. पण खरा प्रश्न पैशाचा होता. फ्लेक्स एका दिवसात मिळतो आणि स्वस्तात पडतो. मामांना भिंतीला दोन दिवस लागणार, मजुरी जास्त. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं अक्षरांचं काम जवळपास बंदच पडलंय, आता बहुतेक वेळ घरांना रंग देण्यात जातो. भावाच्या डोक्यात बरंच चाललं होतं. शेवटी निकाल लागला तो वेगळ्याच हिशेबावर. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा शेजारच्या दुकानदाराला पत्त्यातला एक शब्द बदलायला अख्खा फ्लेक्स नवा करावा लागला होता. रंगवलेल्या भिंतीवर मात्र तेवढाच शब्द पुसून नवा लिहिता येतो. भजीचा भाव बदलला तरी तसंच. भाऊ म्हणाला, ‘मामा, तुमीच लिवा.’

मामांनी खडू लावलेलं सूत भिंतीवर ताणून टिचकी मारली, दोन सरळ रेघा उमटल्या आणि काम सुरू झालं. मधे पाहुणे आले, चहा झाला, दुसऱ्या दिवशी दुपारी ओळ पूर्ण झाली. त्यातला दुसरा ‘ग’ पहिल्यापेक्षा थोडा सडपातळ आहे. आणि माझा फॉन्ट? तो वाया नाही गेला. पार्सलच्या पिशवीवरचा स्टिकर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी जाणारा ‘आजचा नाश्ता’ त्याच अक्षरात जातो. तिथे रोज मामांना बोलावणं शक्य नाही आणि गरजही नाही.

मला यातून एक साधा नियम सापडला. एकदाच, एकाच जागी राहणार असेल ते हाताला द्या. रोज बदलणार, शेकडो ठिकाणी जाणार असेल ते फॉन्टला द्या.

मग वापरायचं काय?

चांगली बातमी ही, की देवनागरीत मोकळ्या वळणाचे फॉन्ट आता फुकट आणि कायदेशीर मिळतात. गूगल फॉन्ट्सवर ओपन लायसन्सचे बरेच आहेत, व्यवसायासाठीही वापरता येतात. तीन नावं लक्षात ठेवा.

‘कलम’. इंडियन टाइप फाउंड्रीचा, २०१४ चा. लिपी रावल आणि जॉनी पिनहॉर्न यांनी केलेला. हा खरं तर ब्रशपेक्षा स्केचपेन किंवा बॉलपेनच्या जवळचा. तिरका, घाईतला, वहीतल्या अक्षरासारखा. तीन जाड्यांमध्ये मिळतो आणि एकेका जाडीत हजाराहून जास्त आकार आहेत, त्यामुळे जोडाक्षरांची पंचाईत होत नाही. दोन-चार वाक्यांचा मजकूर असेल तर हाच घ्या.

‘यात्रा वन’. कॅथरिन ली श्मिट हिने मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला. ब्रश ४५ अंशांत धरल्यावर येते तशी जाडी-बारकाई त्यात आहे. जाड, ठाम, लांबून दिसणारा. शीर्षकाला झकास, परिच्छेदाला नको.

‘अमिता’. ही लफ्फेदार. यातली देवनागरी केली आहे अर्जेंटिनाच्या एदुआर्दो तुन्नी याने, आधीपासून असलेल्या एका इंग्रजी फॉन्टला जोड म्हणून. निमंत्रण, ग्रीटिंग, कवितेच्या कार्यक्रमाचं पोस्टर, अशा ठिकाणी शोभते.

पाच मिनिटांची परीक्षा

कुठलाही ब्रश फॉन्ट फायनल करण्याआधी त्याला एवढं करायला लावा.

‘गरमागरम’ लिहा. जुळे ‘ग’ किती खुपतात ते बघा. फारच खुपत असतील तर फराटे कमी असलेला फॉन्ट घ्या.

‘सुशीला’ लिहा. ‘श’ आणि ‘ल’ आपल्या वळणाचे आहेत का? काही फॉन्टमध्ये मराठी वळण आत दडलेलं असतं, मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की बाहेर येतं.

‘कुऱ्हाड’ आणि ‘खऱ्याखुऱ्या’ लिहा. ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्या’ नीट जुळतात का? हिंदीला याची गरज नसते, त्यामुळे नेमकं इथेच गाडं अडतं.

‘ॲप’ आणि ‘ऑफर’ लिहा. ‘अ’वरच्या चंद्राच्या जागी रिकामा चौकोन आला तर नमस्कार करून पुढे जा.

मोबाइलवर अंगठ्याएवढं करून बघा आणि मग प्रिंट काढून खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावा. दोन्हीकडे वाचता आलं तर पास!

कुठे नको म्हणजे नको

ब्रश फॉन्ट हे बोलणं आहे, म्हणून जिथे कोणीतरी आपलं माणूस बोलतंय तिथेच तो शोभतो. नाश्त्याची पाटी, वाढदिवसाचं कार्ड, ट्रेकचं पोस्टर, घरगुती मसाल्याचं पाकीट, कॉलेजच्या गेट-टुगेदरचं बॅनर… बिनधास्त वापरा.

पण औषधाचा डोस, आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट, बँकेच्या अटी, पत्ता आणि फोन नंबर इथे वाचण्यात चूक झाली तर महागात पडतं. तिथे सरळ, स्वच्छ अक्षरच हवं. श्रद्धांजलीचा फलक असेल तर अजूनच जपून. आणि वाईट बातमी तर कधीही उड्या मारणाऱ्या अक्षरात देऊ नये. एका ऑफिसात ‘यंदा पगारवाढ होणार नाही’ हा निरोप फुगे आणि ब्रश फॉन्ट लावून आलेला मी पाहिलाय. मजकुरापेक्षा अक्षरच जास्त लागलं. कारण त्या अक्षरातून आपुलकीचं नाटक दिसत होतं आणि आपुलकी नव्हती.

‘आजीच्या हातचं’ लिहिणाऱ्यांनाही हेच लागू आहे. बाटलीत खरंच आजीचं लोणचं असेल तर अक्षर कसंही चालेल. कारखान्यातलं असेल तर कुठलाही फॉन्ट पहिल्या घासापर्यंतच टिकतो.

पेंटरचं काय?

राहता राहिला पेंटरमामांचा प्रश्न. ब्रश फॉन्टने त्यांचं काम हिरावलं असं म्हणणं सोपं आहे, पण ते काम आधीच फ्लेक्सने नेलं होतं. उलट फॉन्ट त्यांच्या बाजूनेही उभा राहू शकतो. हनीफ कुरेशी या जाहिरात क्षेत्रातल्या कलाकाराने ‘हँडपेंटेड टाइप’ नावाचा एक प्रयोग केला होता. वेगवेगळ्या शहरांतल्या पाटी रंगवणाऱ्या पेंटरांकडून अक्षरं काढून घ्यायची, त्यांचे फॉन्ट करायचे, त्याला त्या पेंटरचंच नाव द्यायचं आणि येणाऱ्या पैशांत त्याचा वाटा ठेवायचा. दिल्लीच्या पेंटर कफील यांच्या नावाचा फॉन्ट त्यातला गाजलेला. हनीफ २०२४ मध्ये गेले. पण कल्पना आजही तेवढीच सही आहे. मराठवाड्यातल्या, कोकणातल्या, खानदेशातल्या भिंतींवर अजून कितीतरी हातांची अक्षरं आहेत. दरवर्षीच्या उन्हापावसात ती थोडी थोडी उडतायत. ती फॉन्टमध्ये आली, तर एखाद्या मराठी कॅफेला तहसीलच्या आवाजात बोलावं लागणार नाही आणि पेंटरचं नावही यादीत दिसेल.

तोपर्यंत तुमच्या-माझ्या हातात एवढं आहे. कॅफेचं, क्लिनिकचं, सोसायटीचं, ऑफिसच्या पूजेचं मराठीत काही करायची वेळ आली की इंग्रजीचं उरलेलं डिझाइन मराठीवर ढकलू नका. पाटी एकच असेल तर जवळपास हाताने लिहिणारं कोणी आहे का, एक फोन करून विचारा. फॉन्टच वापरायचा असेल तर यादी उघडण्याआधी ते वाक्य एकदा मोठ्याने म्हणून बघा. ते साहेब म्हणतायत, शेजारीण म्हणतेय, की भजी तळणारा पोऱ्या म्हणतोय? ज्याचा आवाज ऐकू येईल, त्याचं अक्षर निवडा.